डॉ. कार्ल लँडस्टायनर : मातेच्या कपाळीचा डाग पुसणारा संशोधक



बिदर व कलबुर्गी ह्या सीमेवरच्या जिल्ह्यांत सुवार्तेच्या निमित्ताने आमचे जाणेयेणे असते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या भागांतील कित्येक गावांत घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दोन्हींबरोबर उर्दूही चालते. तेथील मंडळ्यांतील घरांत प्रार्थनेसाठी बसले असता नाना प्रकारची दुःखे कानी येतात. त्यांतील एका दुःखाचा आम्हांस कधी विसर पडला नाही. पहिले मूल सुखरूप जन्मले, धडधाकट वाढले. दुसरे जन्मले ते एका दिवसात हळदीसारखे पिवळे झाले आणि चौथ्या दिवशी गेले. तिसरे तर पोटातच गेले. आईची प्रकृती ठीक, खाणेपिणे ठीक, मग मुले का जगत नाहीत?

असे झाले की गाव आपले उत्तर तयार ठेवतो. कोणी सटवाईचे नाव घेतो, कोणी करणीचे, कोणी भानामतीचे. आमच्या ख्रिस्ती घरांत ही नावे उघडपणे घेत नाहीत. परंतु तेथेही एक शब्द हळूच उच्चारला जातो, आणि तो म्हणजे शाप. सासू सुनेकडे निराळ्या नजरेने पाहू लागते. नवरा गप्प राहतो. दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघतात. बारशाला त्या बाईस बोलावीत नाहीत. ती बिचारी उपासनेला येते ती शेवटच्या रांगेत बसते, आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वीच उठून जाते.

अशा असंख्य मातांच्या कपाळीचा खोटा डाग ज्याच्या परिश्रमांनी पुसला गेला, त्या मनुष्याचे चरित्र आज आम्ही सांगणार आहो. त्याने आमचा देश कधी पाहिला नाही. तो मोठा वक्ता नव्हता की धर्मोपदेशक नव्हता. काचेच्या बारीक नळ्यांत रक्ताचे थेंब घालून ते तासन् तास न्याहाळणारा तो एक अबोल मनुष्य होता. त्याचे नाव डॉ. कार्ल लँडस्टायनर.

बालपण व शिक्षण

कार्ल यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात, व्हिएन्ना शहराजवळील बाडेन येथे एका यहूदी कुटुंबात झाला. वडील लिओपोल्ड हे त्या काळचे नावाजलेले पत्रकार व संपादक होते. कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना वडील वारले, आणि आई फॅनी हिने मुलाला वाढवले. ह्या मायलेकरांचा एकमेकांवर फार जीव होता. पुढे आई वारल्यावर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला साचा कार्ल यांनी आपल्या निजण्याच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवला होता. ज्याच्या शोधामुळे पुढे हजारो मातांची कूस वाचायची होती, त्याच्या आयुष्यावर आईची छाया अशी पहिल्यापासून शेवटपर्यंत होती.

१८९० साली कार्ल व त्यांची आई ह्या दोघांनी बाप्तिस्मा घेतला व ते रोमन कॅथॉलिक मंडळीत सामील झाले. त्या काळी व्हिएन्नामध्ये यहूदी मनुष्याला विद्यापीठात वर चढणे कठीण जाई, म्हणून कित्येकांनी धर्म बदलला, असे इतिहासकार म्हणतात. कार्ल यांच्या मनात काय होते हे ठरवण्याचा अधिकार आम्हांस नाही. अंतःकरण पारखणारा एकच आहे.

१८९१ साली ते व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाले. परंतु दवाखाना थाटून पैसा मिळवण्याऐवजी त्यांनी आणखी काही वर्षे रसायनशास्त्राच्या अभ्यासात घालवली. त्यासाठी ते जर्मनीत व स्वित्झर्लंडमध्ये गेले. वुर्झबर्ग येथे एमिल फिशर ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. रोग्याच्या शरीरात जे घडते त्याच्या मुळाशी कोणते पदार्थ आहेत, हे जाणण्याची त्यांना ओढ होती. सोबतचे डॉक्टर घरे बांधीत होते, गाड्या घेत होते, तेव्हा हे गृहस्थ पुन्हा विद्यार्थी होऊन बसले होते.

१८९८ पासून दहा वर्षे ते व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र संस्थेत होते. तेथे त्यांचे रोजचे काम म्हणजे मृत देहांची तपासणी. ह्या दहा वर्षांत त्यांनी ३,६०० हून अधिक शवविच्छेदने केली. हे काम कोणाला आवडेल? परंतु मृत्यूचे कारण शोधावे, म्हणजे जिवंतांना वाचवता येईल, ह्या विचाराने ते दिवसा हे काम करीत आणि उरलेल्या वेळात रक्ताचे प्रयोग करीत.

रक्त आणि रक्त यांत भेद

त्या काळी एका मनुष्याचे रक्त दुसऱ्यास देण्याचे प्रयत्न फार भीत भीत होत असत. सतराव्या शतकात पॅरिस येथे कोकराचे रक्तही मनुष्यास देऊन पाहिले होते, आणि रोगी दगावल्यावर असे प्रयोग बंद पाडण्यात आले. पुढे मनुष्याचेच रक्त देऊ लागले, तरी एक रोगी वाचे, तर दुसरा थंडी वाजून, लघवी काळी होऊन मरून जाई. असे का होते हे कोणास कळत नव्हते. पुष्कळांनी रोग्यालाच दोष दिला. त्याचे शरीरच दुबळे, असे ठरवून ते मोकळे झाले.

लँडस्टायनर यांनी साधा प्रश्न विचारला. निरोगी माणसांचे रक्त तरी सर्वांचे सारखे असते काय? त्यांनी स्वतःचे रक्त काढले, प्रयोगशाळेतील सोबत्यांचे काढले. रक्त स्थिर ठेवले की वर जे पिवळसर पाणी सुटते त्याला सीरम म्हणतात. एकाचे सीरम व दुसऱ्याच्या तांबड्या पेशी अशा जोड्या लावून त्यांनी पाहिले. काही जोड्यांत काहीच घडले नाही. काहींत मात्र तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून दह्यासारखे पुंजके झाले. आणि हे रोगामुळे नव्हते, कारण सर्व माणसे निरोगी होती.

१९०० साली त्यांनी ह्या गोष्टीची नोंद एका निबंधाच्या तळटीपेत केली, आणि १९०१ साली पूर्ण निबंध प्रसिद्ध केला. मनुष्यांच्या रक्ताचे गट असतात. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली; तिसऱ्यास पुढे ओ हे नाव पडले. त्यांचे स्वतःचे रक्त ह्या तिसऱ्या गटाचे होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथा गट शोधला, तो एबी. ज्याच्या पेशींवर ए ही खूण आहे त्याच्या सीरममध्ये बी खुणेचा विरोधक असतो. बी खुणेच्या माणसात ए खुणेचा विरोधक असतो. ओ रक्ताच्या पेशींवर दोन्ही खुणा नाहीत, म्हणून त्याच्या सीरममध्ये दोन्ही विरोधक असतात. न जुळणारे रक्त दिले की शरीर त्याला परके समजून त्याचा नाश करते. इतके दिवस रोग्यावर लावलेला दोष रोग्याचा नव्हताच.

वाचकहो, एवढ्या मोठ्या शोधाकडे त्या वेळी फार थोड्यांनी लक्ष दिले. काही वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहण्याची पद्धत सुरू झाली, आणि पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांना रक्त देण्याची पाळी आली, तेव्हा जगास हळूहळू कळले. लँडस्टायनर मात्र आपले काम करीत राहिले होते.

१९०८ साली त्यांनी एर्विन पॉपर ह्या सहकाऱ्यासह आणखी एक मोठी गोष्ट केली. पोलिओने मेलेल्या एका मुलाच्या पाठीच्या कण्यातील मज्जा त्यांनी माकडांना टोचली व त्यांना तोच रोग झाल्याचे दाखवले. पोलिओ हा डोळ्यांना न दिसणाऱ्या, जंतूंच्या गाळणीतूनही पार होणाऱ्या विषाणूचा रोग आहे, हे त्यातून सिद्ध होत गेले. लस पुढे इतरांनी तयार केली, पण पायाचा दगड हा होता. आमच्या खेड्यांत पाय लुळे पडलेली मुले कोणी पाहिली नाहीत? आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, त्या आनंदात ह्या मनुष्याचाही वाटा आहे.

देशत्याग आणि मान

१९१६ साली त्यांचा विवाह हेलेन यांच्याशी झाला व पुढील वर्षी त्यांस एक पुत्र झाला. परंतु महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रिया देश मोडून पडला होता. व्हिएन्नामध्ये अन्न नव्हते, जळण नव्हते, प्रयोगांसाठी साधने नव्हती. १९१९ साली, पन्नाशी उलटल्यावर, हे जगद्विख्यात संशोधक हॉलंडमधील हेग शहरी एका लहान कॅथॉलिक रुग्णालयात नोकरीस राहिले. तेथे रोग्यांची लघवी व रक्त तपासण्याचे रोजचे साधे काम त्यांना करावे लागे. तेही त्यांनी केले, आणि त्यातून वेळ काढून संशोधनाचे निबंधही लिहिले. मान कमी झाला म्हणून त्यांनी काम टाकून दिले नाही. मंडळीत एखादी जागा हुकली तर रुसून बसणाऱ्या आम्हां लोकांना यात शिकण्यासारखे आहे.

१९२२ साली त्यांना अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे बोलावणे आले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी तेथेच घालवले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही १९०१ च्या त्या रक्तगटांच्या शोधासाठी. मधे जवळजवळ तीस वर्षे गेली होती. ते उंच, अबोल, काहीसे उदास वृत्तीचे होते. पियानो फार चांगला वाजवीत. गर्दी व गोंगाट त्यांस सहन होत नसे.

थोर माणसांची चरित्रे सांगताना त्यांचे दुबळे क्षण लपवू नयेत, असे आम्हांस पवित्र शास्त्र शिकवते. दावीद व पेत्र यांचे दुबळेपण तेथे लपवलेले नाही. १९३७ साली अमेरिकेतील एका ग्रंथात प्रमुख यहूदी लोकांच्या यादीत लँडस्टायनर यांचे नाव आले. ते काढून टाकावे म्हणून ते न्यायालयात गेले, पण त्यांना यश आले नाही. आपल्या पूर्वजांचा धर्म आपल्या मुलाला कळू नये, असे त्यांना वाटत होते. तो काळ हिटलरचा होता. ज्यांच्या अंगी यहूदी रक्त आहे त्यांचा जर्मनीत छळ चालला होता. ए आणि बी ह्या खुणा सर्व राष्ट्रांत सापडतात, रक्तावर धर्माचा शिक्का नसतो, हे ज्याच्या कामाने जगास कळले, त्यालाच आपल्या रक्ताची भीती बाळगावी लागली. ज्यांना शाळेत, कचेरीत, भाड्याचे घर शोधताना आपले मूळ सांगताना जीभ अडखळली आहे, असे आमचे बंधुभगिनी ह्या भयाला हसणार नाहीत. हे भय ज्यांनी निर्माण केले, पाप त्यांचे होते.

न्यूयॉर्कची ती माता

आता आम्ही मूळ गोष्टीकडे वळतो. १९३७ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात एक पंचवीस वर्षांची स्त्री बाळंत झाली. मूल मृत होते. तिचा रक्तस्राव फार झाला, म्हणून तिच्या पतीचे रक्त तिला देण्यात आले. दोघांचाही गट ओ होता, म्हणजे तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे रक्त जुळत होते. तरी रक्त जाताच तिला थंडी भरली व तिची अवस्था कठीण झाली. डॉ. फिलिप लेव्हिन यांनी तिच्या रक्ताची तपासणी केली. हे लेव्हिन पूर्वी लँडस्टायनर यांच्या हाताखाली काम केलेले. त्यांना आढळले की त्या स्त्रीच्या सीरममध्ये पतीच्या तांबड्या पेशींचे पुंजके होतात. १९३९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने हे प्रसिद्ध केले. मुलाला बापाकडून मिळालेली एखादी खूण आईच्या रक्तात नसावी, आणि आईच्या शरीराने तिच्याविरुद्ध द्रव्य तयार केले असावे, असा त्यांचा तर्क होता.

इकडे लँडस्टायनर सत्तरी ओलांडूनही प्रयोगशाळेत येत होते. १९४० साली त्यांनी डॉ. अलेक्झांडर वीनर यांच्यासह एक शोध जाहीर केला. उत्तर हिंदुस्थानात आढळणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाला शास्त्रात र्‍हीसस म्हणतात. त्याचे रक्त सशांना टोचून तयार झालेले सीरम जेव्हा न्यूयॉर्कच्या लोकांच्या रक्ताशी मिळवले, तेव्हा शंभरांतील सुमारे पंचाऐंशी लोकांच्या पेशींचे पुंजके झाले, उरलेल्यांचे झाले नाहीत. माकडाच्या नावावरून ह्या खुणेस आर एच हे नाव पडले. ज्यांच्या पेशींवर ती आहे ते आर एच पॉझिटिव्ह, ज्यांच्यावर नाही ते आर एच निगेटिव्ह. युरोपीय लोकांत निगेटिव्ह शंभरांत पंधरा असतात, आपल्या देशात सुमारे पाच. १९४१ साली लेव्हिन यांनी दाखवून दिले की, पोटातील व नवजात मुलांचे रक्त नष्ट करणाऱ्या त्या जुन्या रोगाचे कारण बहुतेक वेळा हेच आहे. शोधाचा मान कोणाचा ह्यावरून लेव्हिन व वीनर यांच्यात पुढे बरीच वर्षे वाद चालला. त्या मृत बालकाच्या आईची साक्ष आणि माकडाच्या रक्ताचा तो प्रयोग ह्या दोन्हींतून मिळून सत्य उजेडात आले.

हे कसे घडते ते आमच्या भगिनींसाठी सोप्या शब्दांत सांगतो. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह, आणि मूल बापावर जाऊन पॉझिटिव्ह झाले, असे समजा. गरोदरपणी आईचे व मुलाचे रक्त वेगवेगळे वाहते. मधे वार असते. परंतु बाळंतपणाच्या वेळी मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजून त्याच्या विरोधी द्रव्य तयार करू लागते. ह्याला वेळ लागतो, तोवर पहिले मूल बाहेर येऊन सुरक्षित झालेले असते. म्हणून पहिले बहुधा वाचते. पुढच्या खेपेला मूल पुन्हा पॉझिटिव्ह असेल, तर ती विरोधी द्रव्ये वारेतून पोटातील मुलापर्यंत जातात व त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मूल रक्तहीन होते. कधी अंगभर सूज येऊन पोटातच मरते. जन्मले तर फुटलेल्या पेशींतील पिवळे द्रव्य अंगात साठून तीव्र कावीळ होते. ते मेंदूत गेले तर मूल मरते, किंवा जगले तरी बहिरे वा पांगळे होऊ शकते.

सासूबाईंनी हे नीट वाचावे, अशी आमची विनंती आहे. यात आईचा अपराध कोठे आहे? तिच्या शरीराने तर परक्यास रोखण्याचे देवाने लावून दिलेले काम केले. ती खूण मुलाला बापाकडून मिळाली, पण अपराध बापाचाही नाही. येथे करणी नाही, भानामती नाही, सटवाई नाही आणि शापही नाही. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे. आणि प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारून त्या मनुष्याला दृष्टी दिली. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस गप्प बसून त्याचे सांत्वन केले तोवर ठीक होते. बोलू लागले आणि चुकले. आमच्या मंडळ्यांतही असे बोलके मित्र पुष्कळ आहेत.

अखेर आणि पुढचे फळ

२४ जून १९४३ रोजी पंचाहत्तर वर्षांच्या लँडस्टायनर यांना प्रयोगशाळेत काम करीत असतानाच हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जून रोजी, त्यांनी देह ठेवला. ज्या रोगाचे कारण उजेडात आले होते त्यावरचा उपाय पाहण्यास ते राहिले नाहीत. मोशेने डोंगरावरून देश पाहिला, पण त्यात पाऊल टाकले नाही, तसेच हे झाले.

ते पाऊल इतरांनी टाकले. १९४५ साली इंग्लंडात कूम्ब्स व त्यांच्या सोबत्यांनी आईच्या रक्तातील विरोधी द्रव्य ओळखण्याची तपासणी शोधली; आजही ती त्यांच्याच नावाने चालते. मुलाचे बिघडलेले रक्त काढून नवे रक्त घालण्याची रीत त्याच दशकात रूढ झाली. १९५६ च्या सुमारास इंग्लंडातील एका रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात ठेवलेल्या बाळाची कावीळ उन्हाच्या जागी ओसरते, आणि त्यातूनच निळ्या दिव्याखाली बाळ ठेवण्याचा उपचार निघाला. पुढे न्यूयॉर्क व लिव्हरपूल येथील डॉक्टरांनी आईच्या शरीरात विरोधी द्रव्य तयारच होऊ नये म्हणून अँटी-डी हे इंजेक्शन सिद्ध केले. १९६८ साली ते वापरात आले. हे औषध मुळात काही दात्यांच्या रक्तातूनच मिळते. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन हे गृहस्थ २०२५ साली वारले. त्यांनी ह्यासाठी आयुष्यात अकराशेहून अधिक वेळा आपल्या रक्तातील द्रव दान केला.

आमच्या मराठी मुलुखाचाही ह्या कार्यात वाटा आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा दुर्मिळ गट शोधला की ज्याला ओ रक्तही चालत नाही. जगभर त्यास बॉम्बे रक्तगट म्हणतात. मुंबईतच १९५७ साली रक्तगटांच्या संशोधनाचे सरकारी केंद्र सुरू झाले. व्हिएन्नाच्या त्या तळटीपेतून फुटलेली फांदी अशी आमच्या अंगणापर्यंत आली.

आमचे कर्तव्य

चरित्र वाचून नुसते वाहवा म्हणण्याची सवय आम्हांस सोडली पाहिजे. म्हणून चार गोष्टी सांगून आम्ही लेखणी खाली ठेवतो.

पहिली गोष्ट. गरोदर स्त्रीचा रक्तगट पहिल्या तपासणीतच पाहून घ्यावा व तो घरच्या माणसांस पाठ असावा. कर्नाटकात गरोदर स्त्रीस ताई कार्ड मिळते. कानडीत ताई म्हणजे आई. आमच्या सीमाभागात माहेर उदगीरकडे आणि सासर भालकीकडे असा प्रकार नेहमीचा. एक बाळंतपण ह्या राज्यात, दुसरे त्या राज्यात. कागद एका भाषेत, डॉक्टर दुसऱ्या भाषेचा. ह्या धावपळीत कार्ड माहेरच्या पेटीत राहून जाते आणि गट कोणास ठाऊक नसतो. ते कार्ड लेकीच्या पिशवीत पवित्र शास्त्राशेजारी ठेवा.

दुसरी गोष्ट. आई निगेटिव्ह व बाप पॉझिटिव्ह असल्यास डॉक्टर सातव्या महिन्याच्या सुमारास, म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्यात, एक इंजेक्शन देतात, आणि मूल पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांच्या आत दुसरे. गर्भपात झाला, पोटावर मार लागला, तरी डॉक्टरांस विचारावे, कारण तेव्हाही रक्त मिसळू शकते. पहिले मूल चांगले आहे म्हणून इंजेक्शन टाळू नये. खरा धोका पुढच्या मुलाला असतो. एकदा विरोधी द्रव्य तयार झाले की हे इंजेक्शन काम करीत नाही. मग मोठ्या रुग्णालयात देखरेख ठेवावी लागते. पण तेव्हाही आशा सोडू नये, कारण आता पोटातील मुलासही रक्त देता येते. इंजेक्शन महाग वाटले तर महिला मंडळाने वर्गणी करावी. नाताळच्या रोषणाईतील एक माळ कमी झाली तर प्रभूस वाईट वाटणार नाही. आणि कोणतेही बाळ जन्माच्या पहिल्याच दिवशी पिवळे दिसले तर उन्हात ठेवून वाट पाहू नये, मंत्र घालू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. आई ओ गटाची व मूल ए किंवा बी गटाचे असले तरीही कावीळ होऊ शकते, आणि ती पहिल्या मुलासही होते.

तिसरी गोष्ट. निगेटिव्ह गट निघाला म्हणून सोयरीक मोडल्याचे आमच्या कानी येते. हा अन्याय आहे. जुन्या अडाणीपणाने तिला शापित म्हटले, आता नव्या अर्धवट ज्ञानाने तिला नाकारायचे, हे कसले शहाणपण? ज्या गोष्टीवर उपाय आहे ती गोष्ट दोष नव्हे. लग्न ठरवावे, आणि गट वहीत लिहून ठेवावा, इतकेच.

चौथी गोष्ट. १४ जून हा लँडस्टायनर यांचा जन्मदिवस २००४ पासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी किंवा जवळच्या रविवारी आमच्या तरुण संघांनी रक्तदान करावे. पाणवठे वेगळे पाहिलेल्या आमच्या वडिलधाऱ्यांना रक्तपेढीची पिशवी दाखवावी. तिच्यावर गट लिहिलेला असतो, तारीख असते. जात लिहिलेली नसते. सर्व राष्ट्रे देवाने एकापासूनच निर्माण केली, असे पौलाने अथेनैच्या लोकांस सांगितले होते. त्याची साक्ष ती लहानशी पिशवी मुकाट्याने देत असते.

आणि त्या शेवटच्या रांगेतल्या भगिनीचे काय? गेलेली मुले परत येणार नाहीत, आणि प्रत्येक मूल ह्याच कारणाने गेले असेही नाही. ते डॉक्टरांनी तपासून सांगावयाचे. राहेलीने आपल्या लेकरांसाठी केलेल्या शोकाला शास्त्रातही सांत्वन सापडले नव्हते, तेथे आमचे शब्द किती पुरणार! परंतु तिच्यावर लावलेला दोष खोटा आहे, एवढे तरी मंडळीने तिला सांगितले पाहिजे, आणि केवळ कानात नव्हे, सर्वांसमोर सांगितले पाहिजे. येत्या रविवारी कोणी तरी उठावे, मागे जाऊन तिचा हात धरावा आणि तिला पुढच्या रांगेत आपल्या शेजारी आणून बसवावे. व्हिएन्नाच्या त्या अबोल माणसाने नळ्यांतल्या थेंबांत जे सत्य शोधले, त्याचा मान आमच्या मंडळीत तेव्हाच राखला जाईल.